शैवल-नियंत्रण, वनस्पतियुक्त जलजीवालयातील

काचेच्या टाकीत मासे व जलवनस्पती एकत्र वाढविताना पाण्यात, काचेवर, वाळूवर व पानांवर आपोआप उगवणाऱ्या शैवलांची वाढ मर्यादेत ठेवण्याच्या उपायांना ही संज्ञा लावतात. वरवर पाहता हा घरगुती छंदातील एक किरकोळ प्रश्न आहे. तथापि साठलेल्या पाण्यात प्रकाश, पोषकद्रव्ये, वनस्पती व प्राणी यांचा परस्परसंबंध कसा असतो, हे जाणून घेण्याचा तो एक सुलभ मार्ग ठरला. गावतळे, बारव व जलाशय यांच्या पाण्याला लागू पडणारे नियम मूठभर वाळूच्या टाकीतही लागू पडतात. शैवलाला शत्रू मानून मारण्यापासून ते त्याला पाण्याच्या स्थितीचे लक्षण मानण्यापर्यंतचा प्रवास, असे या विषयाच्या इतिहासाचे थोडक्यात वर्णन करता येईल.

संज्ञा : मराठीत ‘शेवाळ’ हा शब्द व्यवहारात फार सैलपणे वापरला जातो. विहिरीच्या पायरीवरील हिरवा बुळबुळीत थर, तळ्यावरील तंतूंचा गुंता, पावसाळ्यात भिंतीवर उगवणारी मखमल आणि पाण्यात बुडालेल्या लांब पानांच्या वनस्पती या सर्वांना लोक शेवाळ म्हणतात. शास्त्रीय दृष्ट्या पहिली दोन बहुधा शैवले असून भिंतीवरील मखमल हरिता (मॉस) या गटातील असते. हरिता व यकृतका यांचा समावेश शेवाळी या विभागात होतो. पाण्यातील लांब पानांची व्हॅलिस्नेरिया ही तर सपुष्प वनस्पती आहे. जलजीवालयाच्या संदर्भात हा भेद महत्त्वाचा ठरतो. जावा मॉस ही हरिता व रिक्सिया ही यकृतका टाकीत मुद्दाम लावतात. त्यांच्यात शिरणारी तंतुमय शैवले मात्र काढून टाकावी लागतात आणि दोन्ही हिरवी, नाजूक व एकमेकींत गुंतलेली असल्याने हे काम अत्यंत किचकट होते. उलट ‘मॉस बॉल’ या नावाने विकला जाणारा हिरवा गोळा हरिता नसून एगॅग्रोपायला लिनाय हे शैवल आहे. जपानमधील अकान सरोवरातील या गोळ्यांना १९२१ मध्ये नैसर्गिक स्मारकाचा दर्जा देऊन संरक्षण देण्यात आले. एका टाकीत उपद्रवी ठरणारा जीवगट दुसरीकडे संरक्षणीय ठरतो, तो असा. [⟶ शैवले].

प्राचीन भारतीय उल्लेख : साठलेल्या पाण्यातील शेवाळाची दखल भारतीय ग्रंथांत फार पूर्वी घेतली गेली आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील द्रवद्रव्यांच्या अध्यायात चिखल, शैवाल, गवत, कमळाची पाने इत्यादींनी झाकलेले आणि ऊन, चांदणे व वारा न लागलेले पाणी दूषित मानले आहे. त्याच अध्यायात गढूळ पाणी निवळण्याची सात साधने सांगितली आहेत. त्यांत कतक म्हणजे निवळीची बी, गोमेद, कमळाच्या देठाची गाठ, वस्त्र, मोती व मणी यांबरोबर शैवालाचे मूळही येते. पाणी झाकणारे शैवाल दोषकारक आणि पाण्यात असलेले शैवालमूळ गुणकारक, या दोन विधानांत वरकरणी विसंगती दिसते. शैवलांना खरी मुळे नसतात. त्यामुळे ‘शैवालमूळ’ हा शब्द मुळे असलेल्या एखाद्या जलवनस्पतीसाठी योजला असणे संभवनीय आहे. तसे असल्यास पृष्ठभाग झाकणाऱ्या वाढीपेक्षा तळाशी रुजलेली वनस्पती पाण्यास हितकर, हा भेद तेथे सूचित होतो आणि आधुनिक जलजीवालयाचा पायाही तोच आहे.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (सहावे शतक) भूजलविषयक दकार्गल अध्यायाच्या अखेरीस विहिरीतील गढूळ, बेचव वा दुर्गंधीयुक्त पाण्यासाठी अंजन, मुस्ता (नागरमोथा), उशीर (वाळा), राजकोशातक (दोडक्याच्या जातीचे फळ), आवळा व निवळी यांचे चूर्ण टाकण्यास सांगितले आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील ग्रंथात मत्स्यविनोद नावाचे प्रकरण असून त्यात माशांचे प्रकार व त्यांना द्यावयाचे खाद्य यांची माहिती आली आहे. कल्याणी म्हणजे सध्याचे बसवकल्याण (जि. बीदर), धाराशिव जिल्ह्याचा पूर्व भाग त्यापासून फारसा दूर नाही.

आधुनिक जलजीवालयाचा उदय : वनस्पतियुक्त जलजीवालय आणि शैवल-नियंत्रण यांचा जन्म एकाच प्रयोगात झाला. लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८४९ मध्ये एका मोठ्या काचपात्रात वाळू, दगड, दोन लहान सोनमासे व व्हॅलिस्नेरियाची रोपे ठेवली. वनस्पतींनी सोडलेल्या ऑक्सिजनावर मासे जगतील, अशी त्यांची अपेक्षा होती आणि ती खरी ठरली. परंतु काही काळाने जुनी पाने कुजू लागली, पाणी गढुळले आणि काचेवर हिरवा थर चढला. वॉरिंग्टन यांनी त्यावर तळ्यातील गोगलगाई सोडण्याचा उपाय योजला. गोगलगाईंनी कुजकी पाने व हिरवा थर खाऊन पाणी स्वच्छ ठेवले. हे निष्कर्ष त्यांनी मार्च १८५० मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडले. वनस्पती, मासा व मृत द्रव्य खाणारा प्राणी या तिघांवाचून समतोल साधत नाही, हे त्यांचे प्रतिपादन या विषयातील पहिला सिद्धांत म्हणता येईल.

फिलिप गॉस यांच्या १८५४ मधील ग्रंथामुळे इंग्लंडमध्ये जलजीवालयांची लाट उसळली. घरोघरी खिडकीपाशी ठेवलेल्या टाक्या थोड्याच दिवसांत हिरव्या होऊ लागल्या. चारही बाजूंनी येणारा प्रकाश हे त्याचे कारण होते. कारण नैसर्गिक तळ्यात प्रकाश केवळ वरून येतो. विल्यम ऑल्फर्ड लॉइड यांनी सार्वजनिक जलजीवालयांसाठी यावर तोड काढली. दर्शनी टाक्यांपेक्षा कितीतरी मोठी, पूर्ण अंधारी टाकी जमिनीखाली बांधून तिच्यातील पाणी सतत खेळते ठेवण्याची त्यांची पद्धत होती. अंधारात शैवलाचे सूक्ष्म जीव वाढू शकत नसल्याने पाणी नितळ राही. हँबर्ग (१८६४) व लंडनचा क्रिस्टल पॅलेस (१८७१) येथील जलजीवालयांत ही पद्धत यशस्वी ठरली. प्रकाशाची दिशा व कालावधी हे नियंत्रणाचे पहिले साधन, ही गोष्ट तेव्हापासून मान्य झाली.

भारतात मद्रास येथे १९०९ मध्ये सार्वजनिक जलजीवालय सुरू झाले. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्‌घाटन १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. सुमारे आठ लक्ष रुपये खर्चाच्या या वास्तूसाठी दोन लक्ष रुपयांची देणगी तारापोरवाला यांनी दिली होती. महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांना काचेआडचे जलजीवन प्रथम येथेच पाहावयास मिळाले.

रासायनिक उपाय : विसाव्या शतकाच्या प्रारंभी शैवल मारण्याचे स्वस्त साधन हाती आले. अमेरिकेच्या कृषिखात्यातील जॉर्ज मूर व कार्ल केलरमन यांनी १९०४ मध्ये पाणीपुरवठ्याच्या जलाशयांतील शैवलांवर मोरचूद (कॉपर सल्फेट) अत्यल्प प्रमाणात परिणामकारक ठरते, असे दाखवून दिले. द्राक्षबागांवर फवारल्या जाणाऱ्या बोर्डो मिश्रणामुळे मोरचूद महाराष्ट्रातील बागायतदारांच्या चांगल्याच परिचयाचे आहे. जलजीवालयात मात्र ते दुधारी ठरले. तांबे गोगलगाई व कोळंबी यांना मारते, हरिता व यकृतका यांना अपाय करते आणि तळाच्या वाळूत साचून राहते. दुष्फेन, म्हणजे साबणाला सहज फेस न येऊ देणाऱ्या, पाण्यात त्याचे कार्बोनेटाच्या रूपाने अवक्षेपण होऊन परिणाम लवकर ओसरतो. त्यामुळे मात्रा पुन्हापुन्हा देण्याचा मोह होतो आणि धोका वाढत जातो. शिवाय एकाच वेळी मेलेले शैवल कुजताना पाण्यातील ऑक्सिजन संपवते व त्यातून सुटलेली पोषकद्रव्ये नव्या शैवलास उपयोगी पडतात.

पुढील काळात हायड्रोजन पेरॉक्साइड, ग्लुटाराल्डिहाइड आणि नील-हरित शैवलांसाठी एरिथ्रोमायसीन यांचा वापर होऊ लागला. नील-हरित शैवले वस्तुतः जीवाणूंच्या गटातील असल्याने प्रतिजैविकाने मरतात. परंतु टाकीतील अन्य जीवाणूंवरही त्याचा परिणाम होऊ शकतो व औषधाला दाद न देणारे जीवाणू निपजण्याचा धोका असतो. रसायनाने मारलेले शैवल मूळ कारण कायम राहिल्यास परत येते, हा सर्वच रासायनिक उपायांचा समान अनुभव आहे.

महाराष्ट्रातील अभ्यास : शैवलांची वाढ नियमबद्ध असते, याचा पुरावा देणारे अभ्यास महाराष्ट्रातही झाले. एला गोन्साल्विस व डी. बी. जोशी यांनी वांद्रे येथील एका तळ्यातील शैवलांचे ऋतुमानानुसार होणारे क्रमण तपासून त्याचा वृत्तांत १९४६ मध्ये बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. एक शैवलगट मागे पडून दुसरा पुढे येणे हे पाण्याच्या बदलत्या स्थितीनुसार घडते, ही जाणीव अशा अभ्यासांनी रुजविली. नव्या टाकीतही हाच क्रम छोट्या प्रमाणावर दिसतो. पहिल्या काही आठवड्यांत करंडक शैवलांचा (डायाटमांचा) तपकिरी थर येतो, त्यानंतर हिरवी शैवले दिसू लागतात. वनस्पती रुजल्यावर दोन्ही ओसरतात. ही सुरुवातीची अवस्था रोग समजून औषधे टाकणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक होय.

एन्. डी. कामत यांनी कोल्हापूर (१९६३), मराठवाडा (१९७४) व विदर्भ (१९७५) येथील शैवलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. पी. टी. सरोदे यांच्यासह त्यांनी लिहिलेला महाराष्ट्रातील गोड्या पाण्यातील करंडक शैवलांवरील ग्रंथ औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) येथून १९८४ मध्ये निघाला. राज्यातील डबकी, तळी व ओढे यांतील शैवलांची ओळख पटविण्यास या कामाचा मोठा आधार झाला.

पोषकद्रव्यांचा वाद : शैवलांच्या वाढीला प्रकाशाखेरीज कार्बन, नायट्रोजन व फॉस्फरस लागतात. कॅनडातील प्रायोगिक सरोवरांवर डेव्हिड शिंडलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले प्रयोग या बाबतीत निर्णायक ठरले. १९७३ मध्ये एका सरोवराचे पडद्याने दोन भाग करून एकात कार्बन व नायट्रोजन, तर दुसऱ्यात त्यांबरोबर फॉस्फरसही घालण्यात आला. दुसरा भाग शैवलांनी हिरवागार झाला. पहिला तसा झाला नाही. याच विचारधारेवर पॉल सिअर्स व केव्हिन कॉनलिन यांनी १९९६ मध्ये वनस्पतियुक्त जलजीवालयासाठी एक पद्धत सुचविली. वनस्पतींना इतर सर्व पोषकद्रव्ये पुरवावीत आणि फॉस्फेट तेवढे अपुरे ठेवावे, म्हणजे शैवलांची उपासमार होईल, असे तिचे सूत्र होते.

या मताला लवकरच आव्हान मिळाले. टॉम बार यांनी निरोगी वनस्पतींनी भरलेल्या टाकीत फॉस्फेट मुद्दाम घालूनही शैवल वाढत नाही, असे प्रतिपादन केले. त्यांच्या मते कार्बन डाय-ऑक्साइडाचा अपुरा वा अस्थिर पुरवठा, अमोनिया आणि वनस्पतींचे कुपोषण ही शैवलवाढीची खरी कारणे होत. दोन्ही मतांतील विरोध दिसतो तेवढा मोठा नाही. शिंडलर यांच्या प्रयोगात खुल्या पाण्यातील शैवलांशी स्पर्धा करणारी दाट वनस्पती नव्हती. बार यांच्या टाकीत ती होती. आर्थर हॅस्लर व इलिझाबेथ जोन्स यांनी १९४९ मध्येच मोठ्या जलवनस्पतींच्या सान्निध्यात तरंगत्या शैवलांची वाढ रोखली जाते, असे दाखविले होते. डच शास्त्रज्ञ मार्टेन शेफर यांनी १९९३ मध्ये उथळ सरोवरांना दोन स्थिर अवस्था असतात, असा सिद्धांत मांडला : एक वनस्पतियुक्त व नितळ, दुसरी शैवलयुक्त व गढूळ. प्रत्येक अवस्था स्वतःला टिकवून धरते. म्हणून एकदा गढूळ झालेले पाणी पोषकद्रव्ये थोडी घटविल्याने लगेच निवळत नाही. टाकी भरताना प्रथमपासूनच भरपूर वनस्पती लावाव्यात, या अनुभवसिद्ध सल्ल्याचे शास्त्रीय स्पष्टीकरण या सिद्धांतात मिळते.

शैवलभक्षक प्राणी : वॉरिंग्टन यांच्या गोगलगाईंची परंपरा पुढे अनेक प्राण्यांनी चालविली. जपानी छायाचित्रकार व जलजीवालय-रचनाकार ताकाशी आमानो (१९५४–२०१५) यांनी १९८० नंतरच्या दशकात कॅरिडिना मल्टिडेंटाटा या लहान कोळंबीचा शैवलभक्षक म्हणून प्रसार केला. ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. हरितेच्या झुबक्यांतील तंतू वेचून खाण्यात ती माशांपेक्षा सरस ठरते.

दख्खनच्या नद्यांतही असा एक मासा पूर्वापार आहे. विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनमधील माशांचे वर्णन १८३९ मध्ये केले, तेव्हा अनेक जातींना त्यांनी स्थानिक लोकांत प्रचलित असलेली नावे दिली. गॅरा मुल्या हे नाव त्यांपैकीच होय. तोंडाखालच्या चकतीने खडकाला चिकटून हा मासा त्यावरील शैवल खरवडून खातो. थंड व वाहत्या पाण्याची सवय असल्याने लहान, उष्ण टाकीत तो सुखाने राहत नाही. तथापि नदीतील खडक स्वच्छ ठेवण्याचे काम निसर्गात कोण करतो, हे त्याच्यावरून कळते.

परकीय भक्षकांचा अनुभव सावध करणारा आहे. काच साफ करणारा म्हणून विकला जाणारा दक्षिण अमेरिकेतील टेरिगोप्लिक्थिस हा चूषकमुखी मासा वाढून टाकीत मावेनासा झाला की, लोक त्याला तळ्यात वा नदीत सोडून देतात. भारतातील अनेक नद्या व पाणथळ भागांत तो आता स्थायिक झाला असून काठांत बिळे करणे व स्थानिक माशांच्या अन्नावर ताण आणणे, असे त्याचे उपद्रव नोंदले गेले आहेत. जलवनस्पतींच्या नियंत्रणासाठी भारतात १९५९ मध्ये आणलेला गवत्या मासा (ग्रास कार्प) वनस्पती खातो. त्या सर्व नाहीशा झाल्या की, त्यांनी शोषलेली पोषकद्रव्ये शैवलांना मोकळी होतात. एक तण काढताना दुसऱ्याला वाव देण्याचे हे उदाहरण आहे.

मराठवाड्यातील पाणी व नियंत्रणाच्या मर्यादा : पाठ्यपुस्तकी उपाय प्रत्येक प्रदेशात सारखे लागू पडत नाहीत. सास्तूर (ता. लोहारा, जि. धाराशिव) परिसर बेसाल्ट खडकाचा आहे. बेसाल्टातील विहिरी व विंधन विहिरी यांच्या पाण्यात सामान्यतः कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची बायकार्बोनेटे असतात. व्हॅलिस्नेरिया व हायड्रिला या वनस्पती तसेच अनेक शैवले बायकार्बोनेटातून कार्बन मिळवू शकतात. हरितांना मात्र मुक्त कार्बन डाय-ऑक्साइडच लागतो व अशा अल्कधर्मी पाण्यात तो अल्प असतो. त्यामुळे या भागात जावा मॉस मंद वाढते आणि तिच्यावर तंतुमय शैवलांचा कब्जा लवकर होतो. दोष निगराणीचा नसून पाण्याच्या घटनेचा असतो. अशा ठिकाणी व्हॅलिस्नेरिया व हायड्रिला यांनी टाकी भरणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग होय. हायड्रिला तर तळ्यांत व कालव्यांत आपोआप उगवणारी वनस्पती आहे.

दुसरी मर्यादा पाण्याच्या उपलब्धतेची आहे. बार यांच्या पद्धतीत दर आठवड्याला निम्मे पाणी बदलावे लागते. शंभर लिटरच्या टाकीला त्यासाठी ५० लिटर लागतात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागात दरडोई दररोज ५५ लिटर पाणी पुरविण्याचे प्रमाण ठरविले; म्हणजे टाकीचे एका आठवड्याचे पाणी जवळजवळ एका माणसाच्या एका दिवसाच्या वाट्याइतके झाले. सास्तूरजवळ माकणी येथे तेरणा नदीवर धरण आहे. तरीही मराठवाड्याने तीव्र टंचाई वारंवार अनुभवली आहे. शेजारच्या लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा प्रदेशात पाणी ओतून शैवल धुण्यापेक्षा ते वाढू न देणे अगत्याचे ठरते. त्यासाठी मासे थोडे ठेवावेत. खाद्य काही मिनिटांत संपेल इतकेच घालावे. टाकी खिडकीच्या उन्हापासून दूर ठेवून दिवा रोज सुमारे आठ तासच लावावा. कुजकी पाने वेळीच काढावीत आणि लवकर वाढणाऱ्या वनस्पतींची छाटणी करून त्यांनी शोषलेली पोषकद्रव्ये टाकीबाहेर न्यावीत. बदललेले पाणी नायट्रेट व फॉस्फेटयुक्त असल्याने कुंड्यांना व परसातील झाडांना खत म्हणून उपयोगी पडते. मात्र त्यात तांबे वा औषधे टाकलेली नसावीत. टाकीतील वनस्पती किंवा प्राणी ओढ्यात वा तळ्यात सोडू नयेत.

शैवल पूर्णपणे नाहीसे करणे शक्य नाही आणि इष्टही नाही. ते पाण्यातील अन्नसाखळीचा पाया आहे. काचेवरील पातळ हिरवा थर हा जिवंत पाण्याचा स्वभाव समजावा. त्याची अतिवाढ झाली म्हणजे प्रकाश, खाद्य व वनस्पती यांपैकी कशाचे तरी प्रमाण बिघडले, असे जाणावे. गावातील तळे हिरवे पडते तेव्हाही हाच शोध घ्यावा लागतो. सांडपाणी, शेतातून वाहून येणारे खत आणि काठावरील नष्ट झालेल्या वनस्पती यांकडे दुर्लक्ष करून केवळ मोरचूद टाकल्याने ते निवळत नाही.